नदी जुळेना

१

चारही कोपऱ्यांतल्या फुल्या एकमेकींवर नीट बसल्या होत्या. जुळत नव्हती ती फक्त नदी.

दिव्याच्या टेबलावर, दुधी काचेतून येणाऱ्या उजेडात, तीन फिल्मा एकावर एक ठेवल्या होत्या. प्रत्येक फिल्म वीतभर लांब, वीतभर रुंद. नऊशे किलोमीटर वरून उपग्रहाने एकाच सकाळी टिपलेला एकच मुलूख. एक फिल्म हिरव्या उजेडाची, दुसरी तांबड्या उजेडाची आणि तिसरी माणसाच्या डोळ्याला दिसतच नाहीत अशा अवरक्त किरणांची. कडेची छिद्रं टेबलावरच्या खुंट्यांत बसवली की तिन्ही मिळून एकच चित्र व्हायला हवं. पहिल्या दोन फिल्मांतली नदी तशी एक झालीही होती. तिसरीतली मात्र तिच्या शेजारून, गव्हाच्या दाण्याएवढं अंतर राखून, परक्यासारखी चालली होती. जमिनीवर ते अंतर सहा किलोमीटर भरत होतं.

"नदी अशी सरकते का हो, बाई?" साहेबांनी विचारलं.

"सरकते की. पण तिला हजार वर्षं लागतात," बाई म्हणाल्या आणि भिंग काढून टेबलावर वाकल्या.

बाईंना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. त्याआधीची तीस वर्षं त्यांनी याच इमारतीत विमानातून काढलेले फोटो वाचले होते. वरून पाहून विहीर कुठली, भट्टी कुठली, कुठल्या शेताला यंदा पाणी पोचलं नाही, हे त्या बोट ठेवून सांगत. आपल्या शेजारच्या बिऱ्हाडात कोण राहतं हे मात्र त्यांना धड सांगता आलं नसतं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. घरातला फोन फक्त रविवारी वाजे, धाकट्या बहिणीचा. म्हणून आज शुक्रवारी सकाळीच तो वाजला तेव्हा त्यांनी तो धावत जाऊन उचलला होता. पण फोन साहेबांचा होता. "पोलिसांना सांगण्यासारखं नाही, आणि न सांगण्यासारखंही नाही. जरा येऊन जाल?"

टेबलाच्या पलीकडे नकाशे काढणारी मुलगी अंग चोरून उभी होती. तिची रेघ सुईच्या टोकासारखी बारीक, म्हणून सगळं ऑफिस तिला सुईच म्हणे. अहवालात लावायचं रंगीत चित्र बनवायला तिने आज सकाळी तिन्ही फिल्मा प्रथमच एकत्र ठेवल्या होत्या, आणि तिलाच ही गोष्ट आधी दिसली होती.

बाईंनी उत्तरेच्या डोंगररांगेवर भिंग नेलं. हिरवी फिल्म, मग तांबडी, मग तिसरी. पुन्हा एकदा तिसरी. मग त्या सरळ उभ्या राहिल्या आणि त्यांनी कमरेवर हात ठेवला.

"साहेब, पहिल्या दोहोंत डोंगराची सावली लांब पडलीय. हिवाळ्यातला साडेनऊचा सूर्य, खालीच असतो. तिसरीत सावली जेमतेम आहे. ही फिल्म त्या दिवसाची नाहीच. त्या ऋतूचीसुद्धा नाही!"

२

साहेबांनी खुर्ची ओढली आणि भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं.

सोमवारी अहवाल वर जाणार होता. नदीवर धरण होतंय, मागच्या खोऱ्यातली दोनशे दहा कुटुंबं उठवावी लागणार, त्यांना बसवायचं कुठे, हा सवाल होता. नदीच्या वळणाखालच्या सपाट पट्ट्यावर सगळ्यांचं बोट होतं. मोकळी जमीन, जवळून रस्ता. उपग्रहाच्या चित्रांचं काम तेव्हा नवं होतं. ढगांनी खाल्लेले दिवस सोडले तर वर्षभरात कामाच्या दोनच खेपा हाती आल्या होत्या, एक उन्हाळ्यातली, एक हिवाळ्यातली. फिल्मा दूरच्या केंद्रातून टपालाने येत. दुसरी प्रत मागवायची तर तीन महिने.

"कपाटातली उन्हाळ्याची फिल्म चुकून इकडे पडली असेल," साहेब आशेने म्हणाले.

सुईने धावत जाऊन कपाट पाहिलं. उन्हाळ्याच्या तिन्ही फिल्मा आपापल्या पाकिटात होत्या.

"म्हणजे ही तिची नक्कल," बाई म्हणाल्या. "इथेच केलेली. उपग्रह दर खेपेला थोडा इकडेतिकडे सरकतो, म्हणून नदी हुकली. आणि हे बघा." फिल्मच्या तळाशी तारीख आणि सूर्याची उंची बारीक अक्षरांत छापलेली असते, तिथे नुसती काळी पट्टी होती. "नक्कल करताना तारखेवर कागद आडवा ठेवलाय. ही चूक नव्हे. ही अदलाबदल आहे."

साहेबांनी उठून दार लोटून घेतलं. टेबलाखालचा पंखा घरघरत होता.

बाईंनी ती फिल्म हातात घेऊन खिडकीकडे धरली. कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ. छिद्रं केसभरही इकडेतिकडे नाहीत. खुंट्यांवर कशी टपकन बसत होती. इतकं नेटकं काम! आणि बरोबर मध्यभागी, शर्टाच्या बटणाएवढा, वाळलेल्या पाण्याचा डाग. शेजारी कुठल्याशा कापडाचा एक धागा, तोही चित्रात उमटलेला. बाईंनी भुवया उंचावल्या. घर सारवून झाल्यावर उंबऱ्यातच शेण टाकून जावं तसं ते होतं.

"अवरक्त फिल्मच का नेली असेल?" साहेबांनी विचारलं.

"कारण पाणी लपतं ते इतर दोहोंत. गढूळ, उथळ पाणी साध्या उजेडात मातीसारखंच दिसतं. अवरक्तमध्ये ते काळंकुट्ट येतं, लपवता येत नाही." बाईंनी साहेबांकडे रोखून पाहिलं. "त्या पट्ट्यावर हिवाळ्यात पाणी असतं, साहेब. आणि या इमारतीतल्या कुणाला तरी ते ठाऊक आहे."

३

सुईशी त्या जिन्यात बोलल्या. तिला चारचौघांत रडू आलं असतं.

"मी ती फिल्म पाहिली होती, बाई," सुई पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत म्हणाली. "पाकीट आलं त्या दिवशीच. वळणाखाली मसुराच्या डाळीएवढा काळा डाग होता. मी विचारलंही, हे काय म्हणून. ढगाची सावली आहे, असं उत्तर मिळालं. मग मी विसरून गेले."

"कुणी दिलं उत्तर?"

"आठवत नाही."

हे ती फार लवकर म्हणाली. बाईंनी तेवढ्यापुरतं सोडून दिलं.

डार्करूम तळघरात होती. तिथला माणूस बावीस वर्षं लाल दिव्याच्या उजेडात वावरला होता. दिवसा बाहेर आला की डोळे मिचकावत भिंतीच्या कडेकडेने चाले. त्याला काजवा म्हणत. बाईंना पाहून त्याने स्टूल पुसून दिलं.

"नक्कल-फिल्मची पानं मोजलीत का?"

"सकाळीच मोजली. पंचवीसचा डबा. नऊ मी वापरली. सोळा राहायला हवीत, पंधरा आहेत." काजवा हळू बोले, जणू आवाजानेही फिल्म खराब होईल. "एकच पान गेलंय, बाई. चाचणीला तुकडासुद्धा कापलेला नाही. पहिल्याच फटक्यात! आणि या फिल्मला लाल दिवाही चालत नाही हो. मिट्ट काळोखात करावं लागतं सगळं. फिल्मची कुठली बाजू वर ते कळायला कोपऱ्यातली खाच बोटाने चाचपायची, वेळ मनात मोजायची."

"मग तुम्हाला कळलं कसं नाही?"

"कळायला काही राहिलंच नव्हतं. बाटल्या जागच्या जागी, थाळ्या धुतलेल्या, डब्याचं झाकण घट्ट. दुपारी मी तासभर जेवायला वर जातो, तेव्हाच झालं असणार." त्याने एका बाटलीचं झाकण उगाच घट्ट केलं. "माझ्या खोलीत कुणीतरी माझ्यासारखंच वागून गेलं. रागवायचं तरी कुणावर?"

बाईंनी त्याला पाण्याचा डाग दाखवला. काजव्याने फिल्म उजेडाकडे धरली आणि त्याचा चेहरा पडला.

"छे! असं कोण ठेवेल? वाळत घालण्याआधी एकेक थेंब बघून टिपायचा असतो. राहिलाच, तर दुसरं पान घ्यायचं. डबा भरलेला होता की समोर."

"या खोलीतलं काम कुणाकुणाला येतं?"

काजव्याने बोटांवर मोजलं. "मला. साहेबांना, तरुणपणी इथेच शिकले ते. आणि मातीवाल्यांना, शेतोशेतची माती तपासतात ते, मातीच्या थरांचे फोटो स्वतःच धुवायचे. सुई काळोखाला भिते, ती पायरीसुद्धा उतरत नाही."

तिघेच. बाई जिना चढून आल्या तेव्हा वरच्या पायरीवर साहेब उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"बाई," ते खालच्या आवाजात म्हणाले, "तो पट्टा योग्य आहे असं मी वर तोंडी सांगून बसलोय. दोन महिन्यांपूर्वीच."

४

म्हणजे ते पाणी उघड झालेलं ज्याला सगळ्यांत जास्त टोचलं असतं, त्यानेच आपण होऊन सांगितलं होतं. बाईंना ते चोरासारखं वाटलं नाही. पण तीस वर्षांत त्यांनी फसवी चित्रं काही कमी पाहिली नव्हती.

मातीवाल्यांची खोली इमारतीच्या मागच्या अंगाला होती. भिंतभर फळ्या, फळ्यांवर कापडी पिशव्या आणि पत्र्याचे डबे, प्रत्येकात कुठल्या ना कुठल्या शेताची ओंजळभर माती. बाईंनी दार लोटलं, आणि खिडकीकडे तोंड करून बसलेले मातीवाले मान न वळवताच म्हणाले, "या बाई. चपला अजून तशाच वाजतात तुमच्या."

बाईंना बरं वाटलं. त्यांच्या चपलांचा आवाज ओळखणारं या जगात दुसरं कोण होतं? वीस वर्षं दोघांनी एका जीपमधून खेड्यापाड्यांची धूळ खाल्ली होती. बाई वरून काढलेला फोटो मांडीवर धरून सांगत, "इथे थांबा," आणि मातीवाले उतरून कुदळ मारत. निवृत्तीनंतरच्या चार वर्षांत बाईंच्या घराचा उंबरा ऑफिसातल्या एकाच माणसाने ओलांडला होता, तो यांनी. वर्षातून दोनदा येत, तासभर बसत, मातीच्या गोष्टी सांगत. बायको गेल्यापासून तेही एकटेच होते. मुलगा दूरदेशी. ते उठून गेले की बाई बराच वेळ दुसरा कप विसळत नसत.

मातीवाल्यांनी थर्मासमधला चहा ओतला. कपाच्या काठावर एक बोट अडकवून, सावकाश, एक थेंबही न सांडता.

"उचापत ऐकली मी," ते म्हणाले. "कोण करेल असं?"

"तेच शोधतेय. हिवाळ्यात त्या पट्ट्यावर तुम्हीच गेला होतात ना?"

"गेलो होतो. उपग्रह वरून पाहत होता त्याच सकाळी. तो वर, मी खाली. दोघांचं जुळलं तर खरं." त्यांनी हसून एका डब्यातली चिमूटभर माती घेतली आणि कानाशी नेऊन चोळली. "ऐका. करकरते की नाही? वाळू फार. पोरांना आता ऐकायला शिकवावं लागतं."

बाईंनी त्या सकाळच्या नोंदींची वही मागितली, ती त्यांनी लगेच दिली. अक्षर पूर्वीचंच, पण ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या. "जीपमध्ये लिहिलं, हादरे बसत होते," मातीवाले म्हणाले. बाईंनी वाचलं: सकाळी साडेनऊ. आकाश निरभ्र. जमीन कोरडी, गवत पिवळं. पाया घट्ट. वस्तीस योग्य.

वही मिटून बाई बाहेर आल्या, आणि व्हरांड्याच्या मध्यावर त्यांचे पाय थबकले.

आकाश निरभ्र. मग ढग कुठला, आणि सावली कुणाची?

त्या तशाच सुईच्या टेबलापाशी गेल्या. "ढगाची सावली असं तुला साहेबांनी सांगितलं?"

सुई मान खाली घालून नदीचा काठ आखत होती. तिची लेखणी घसरली आणि नकाशावर शाईचा ओरखडा उठला.

"नका विचारू हो, बाई," ती म्हणाली. "त्यांच्या मातीच्या वह्या मी वाचून दाखवते रोज. मला लेकीसारखं वागवतात ते."

५

शनिवार गेला. रविवारी सकाळी बहिणीचा फोन आला. बहीण नातवंडांविषयी बोलत होती, आणि बाई हं हं करत होत्या.

"तुझं लक्ष कुठेय ताई?"

"एका माणसाने चोरी केलीय. आणि त्याने ती केली नसावी असं मला फार वाटतंय."

"तुला ना, माणसांतलं कधीच कळलं नाही," बहीण मायेनेच म्हणाली.

फोन ठेवल्यावर घर पुन्हा तसंच झालं. बाई स्वयंपाकघरात गेल्या. सुईच्या बोलण्यातला एक शब्द मनात रुतून बसला होता. वह्या वाचून दाखवते. स्वतःची वही माणूस दुसऱ्याकडून का वाचून घेईल?

त्यांनी डोळे मिटले आणि चहा करायला घेतला. साखरेचा डबा तिसरा, बोटाला ओळखू आला. पाणी कपाने मोजलं. गाळणं हाताशी होतं. ओतताना चटका बसू नये म्हणून त्यांनी कपाच्या काठावर एक बोट अडकवलं, आणि ते बोट तिथे गेल्यावर त्यांना शुक्रवारचा चहा आठवला. कप काठोकाठ भरला, थेंबही बाहेर पडला नाही. डोळे उघडले तेव्हा मात्र दिसलं की दुधाचा मोठा शिंतोडा पदरावर उडालाय आणि चहात एक लांब केस तरंगतोय. दोन्हींचा हाताला पत्ताच लागला नव्हता.

बाई स्टुलावर बसल्या. चहा तसाच निवत राहिला.

त्या फिल्मवर बोटांनी करायचं सगळं काम चोख होतं. कडा, छिद्रं, खाच, बाटल्या, झाकण. काळोखात कोण कुणाला दिसतं? तिथे सगळेच सारखे. पण फिल्म उजेडात आल्यावर डोळ्यांनी जे तपासायचं, ते सगळं राहून गेलं होतं. डाग, धागा, सावली, नदी. काजव्याने केली असती तर त्याने तो डाग पाहून दुसरं पान घेतलं असतं. पंधरा पानं समोर होती. साहेबांनी केली असती तर त्यांनीही घेतलं असतं, आणि टेबलावर एकदा ठेवून नदी जुळते का ते पाहिलंच असतं. पाहणाऱ्या माणसाला ते न पाहणं शक्यच नव्हतं. एकच पान वापरणारा माणूस निष्काळजी नव्हता. आपलं काम बिघडलंय हे त्याला कळलंच नव्हतं.

चपलांचा आवाज. कानाशी चोळलेली माती. एकमेकींवर चढलेल्या ओळी. कपातलं बोट.

चार वर्षं हा माणूस आपल्या समोर येऊन बसतोय, आणि विमानाच्या उंचीवरून विहीर ओळखणाऱ्या आपल्याला हे दिसलं नाही! बाईंना स्वतःचीच लाज वाटली. दुपार कलेपर्यंत त्या तिथेच बसून राहिल्या. सांगावं की गप्प बसावं? गप्प बसलं तर तो माणूस वर्षातून दोनदा येत राहील. आणि दोनशे दहा चुली पुढच्या हिवाळ्यात पाण्यावर पेटतील.

६

सोमवारी ऑफिस उघडायच्या आधीच बाई मातीच्या खोलीत पोचल्या. मातीवाले आलेले होते. ते नेहमीच सगळ्यांच्या आधी येत. रिकाम्या व्हरांड्यात कुणावर आपटायची भीती नसते, हे बाईंना आज समजलं.

त्यांनी ती फिल्म मातीवाल्यांच्या हातात दिली. "एवढं सांगा. हा डाग पाण्याचा की तेलाचा?"

मातीवाल्यांनी फिल्म खिडकीकडे धरली. उजवीकडे नेली, डावीकडे नेली, डोळ्यांजवळ आणली. बराच वेळ गेला. मग त्यांचा हात खाली आला.

"डाग आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे. मधोमध."

"मोठा?"

"बटणाएवढा."

मातीवाल्यांनी फिल्म टेबलावर ठेवली. "काचबिंदू. तीन वर्षं झाली. आधी कडा जातात, मग आत आत येतं. आता नळीतून पाहावं तेवढंच राहिलंय, तेही धुकट."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणाला सांगू? घरी भिंती आहेत. इथे निदान दिवसाला चार माणसं हाक मारतात." त्यांनी टेबलावर पडलेली माती तळहाताने गोळा केली. "मी खोटं लिहायला गेलो नव्हतो, बाई. त्या सकाळी ड्रायव्हर म्हणाला, गवत पिवळं आहे, कोरडं दिसतंय. मी रस्त्याकडेची मूठभर माती घेतली. कोरडीच होती. ती भरावाची माती होती हे मला कळायला हवं होतं. पन्नास पावलं खाली उतरलो असतो तर पाय ओले झाले असते. पण खाली उतार होता. मी पडलो असतो तर सगळ्यांना कळलं असतं."

"आणि मग सुईने काळा डाग विचारला."

"तेव्हा कळलं मी काय करून बसलोय ते. चुकलो म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न आलाच असता, कसे चुकलात? तोंडातून निघून गेलं, ढगाची सावली. एकदा बोललो की पुढचं ओघानेच आलं. वाटलं, थोडा वेळ मिळेल, आपणच काही वाट काढू. वाट कसली निघतेय."

"लोक तिथे राहायला गेले असते."

"माहीत आहे." त्यांनी गोळा केलेली माती डब्यात टाकली. "रोज माहीत होतं. गेले दोन महिने मी नीट झोपलेलो नाही. तुम्ही शुक्रवारी चहा प्यायलात ना, तेव्हा ओठांवर आलं होतं."

"मग?"

"तुमचंही दार बंद होईल असं वाटलं."

बाईंनी विचारलं, "मूळ फिल्म जाळलीत?"

मातीवाल्यांना त्या शब्दाचा धक्काच बसला. "जाळू? पुरावा जाळतो का कुणी?" ते उठले, चाचपत नव्हे तर सरळ चालत तिसऱ्या फळीपाशी गेले, डावीकडून सातवा डबा काढला. कोरड्या वाळूवर, पातळ कागदात गुंडाळलेली फिल्म निघाली. वळणाखाली मसुराएवढा डाग, काळाकुळकुळीत.

बाईंनी घड्याळ पाहिलं. साहेबांच्या दाराची कडी वाजली होती.

"मी सांगू, की तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"मीच. फक्त दारापर्यंत चला. तिथे एक पायरी आहे, ती हल्ली मला फसवते."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ते ओरडले नाहीत. अहवालाचा गठ्ठा त्यांनी उघडला, पट्ट्याचं पान काढलं, आणि मग विचारलं, "तीन वर्षं म्हणालात ना? त्या तीन वर्षांतल्या तुमच्या किती नोंदी आहेत?"

"एकशे सोळा," मातीवाले म्हणाले.

"सगळ्या पुन्हा तपासाव्या लागतील."

"होय."

तशा त्या तपासल्या गेल्या. अकरा चुकीच्या निघाल्या. एकशे पाच बरोबर होत्या, नुसत्या हातांनी आणि कानांनी ओळखलेल्या. पट्टा रद्द झाला. दोनशे दहा कुटुंबांना आणखी एक हंगाम पत्र्याच्या शेडमध्ये काढावा लागला, आणि त्याबद्दल साहेबांना वरून जे पत्र आलं ते त्यांनी कुणाला दाखवलं नाही. चौकशी झाली. मातीवाल्यांना घरी बसावं लागलं, पेन्शन अर्धी. निरोप समारंभ झाला नाही. सुई तेवढी फाटकापर्यंत त्यांची पिशवी धरून गेली.

महिन्याभराने एका दुपारी बाईंनी त्यांच्या दारावर टकटक केली. पहिल्यांदाच, इतक्या वर्षांत त्या कधी त्यांच्या घरी गेल्या नव्हत्या. दार उघडायला वेळ लागला. आत खिडक्या बंद होत्या आणि खुर्च्या भिंतीला सरकवून ठेवलेल्या, वाटेत काही येऊ नये म्हणून.

"मला वाटलं तुम्ही येणार नाही," मातीवाले म्हणाले.

"मलाही तसंच वाटत होतं," बाई म्हणाल्या. त्यांना अजून राग होता, आणि त्यांनी तो लपवला नाही. "रात्री ती शेडं डोळ्यांसमोर येतात माझ्या."

"माझ्याही."

बाईंनी काखेतली गुंडाळी काढली. काजव्याने तिन्ही खऱ्या फिल्मांवरून छापलेलं रंगीत चित्र होतं ते, बसायच्या पाटाएवढं मोठं. त्यांनी ते जेवणाच्या टेबलावर पसरलं आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. कागद सळसळला तसे मातीवाले जवळ आले. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं.

"झालं वाटतं तयार?"

"झालं."

"मी रंगीत कधी पाहिलंच नाही. म्हणतात, अवरक्त मिसळलं की झाडं तांबडी येतात म्हणून."

"तांबडीलाल. डाळिंबासारखी."

"आणि आपला तो जुना रस्ता? जिथे जीप रुतली होती?"

"दिसतोय. केसासारखा."

मातीवाल्यांनी भिंतीपासून दोन खुर्च्या ओढून टेबलाशी आणल्या. एकीवर बसले, दुसरीची पाठ हाताने चाचपून बाईंच्या बाजूला वळवली.

"मला घाई नाही," ते म्हणाले. "वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सांगा."

बाईंनी खिडकी उघडली, चष्मा पुसला आणि सांगायला सुरुवात केली.